किती आहेत, आणि कोणत्या नावानं?

जपानमध्ये बुराकुमिन, म्हणजे तिथला पिढीजात बहिष्कृत समाज, किती आहेत, या प्रश्नाचं शेवटचं देशव्यापी सरकारी उत्तर १९९३ सालचं आहे: ४,४४२ वस्त्या आणि ८,९२,७५१ माणसं. बुराकु लिबरेशन लीग ही त्या समाजाची सर्वांत मोठी संघटना मात्र सांगते, की वस्त्या सुमारे ६,००० आहेत आणि माणसं ३० लाखांच्या घरात. दोन आकड्यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. त्यानंतर तीस वर्षं उलटली, पण सरकारनं या समाजाची पुन्हा मोजदाद केलेली नाही.

दुर्गच्या मोहन नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी बौद्ध कुटुंबाला हा गोंधळ परका वाटणार नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या छत्तीसगडमध्ये बौद्ध भरले सुमारे ७० हजार. घरात बुद्धाची मूर्ती, चौदा एप्रिलला दारावर निळा झेंडा, लग्नं बौद्ध पद्धतीनं, आणि मुलाच्या दाखल्यावर मात्र ‘हिंदू, महार’ अशी कितीतरी घरं या आकड्याबाहेर राहिली. मेश्राम, रामटेके, गजभिये, खोब्रागडे ही आडनावं दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, डोंगरगड या पट्ट्यात सहज भेटतात. ती माणसं किती, हे मात्र कोणत्याही एका रकान्यातून कळत नाही.

समाजाची संख्या आभाळातून पडत नाही. कोण मोजतो, कशासाठी मोजतो आणि समोरचा कोणतं नाव सांगायला धजावतो, यावर ती ठरते. जपाननं मोजणं थांबवलं, भारतानं मोजणं चालू ठेवलं. दोन्ही देशांचा अनुभव शेजारी ठेवला, तर २०२७ च्या जनगणनेत आपण काय लिहावं याचा विचार अधिक स्वच्छपणे करता येतो.

जपानचं गावकूस

तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) जपानी समाजाच्या ठरलेल्या थरांत सामुराई, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी होते. या सगळ्यांच्या बाहेर ‘एता’ आणि ‘हिनिन’ म्हणून हिणवले जाणारे लोक, म्हणजे बुराकुमिनांचे पूर्वज, राहत. मेलेली गुरं ओढून नेणं, कातडी कमावणं, वधस्थळावरची कामं करणं, कैद्यांवर पहारा ठेवणं हे त्यांच्या वाट्याला आलेलं काम होतं. शिंतो परंपरेतला मृत्यूचा विटाळ आणि प्राणिहत्येविषयीच्या बौद्ध कल्पना एकत्र आल्या आणि ही कामं करणारी माणसंच अपवित्र ठरली. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, बहुधा नदीकाठच्या पूर येणाऱ्या जमिनीवर असत. लग्नसंबंध आपसांतच. महारवाडा आणि मांगवाडा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र बौद्ध वाचकाला टोचेल आणि ती टोचायला हवी. ज्या देशात बुद्धाला शतकानुशतकं पूजलं गेलं, तिथल्या अनेक मंदिरांनी बुराकुमिनांना मेल्यानंतर हीनता दाखवणारी धार्मिक नावं दिली आणि ती थडग्यांवर कोरली. १९७९ नंतर या विषयावर मोठा वाद उठला. त्यानंतर सोतो झेनसारख्या पंथांनी अशी नावं शोधून बदलण्याचं काम हाती घेतलं. धर्माचं नाव बौद्ध असलं म्हणून समता आपोआप येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या वेळी बावीस प्रतिज्ञा का दिल्या असतील, हे या उदाहरणावरून अधिक उमगतं.

१८७१ साली मेइजी सरकारनं फर्मान काढून ही हीन नावं रद्द केली. कागदावर सगळे समान झाले. पण चामड्याच्या धंद्यावरचा त्यांचा जुना हक्क आणि करातली सूट यांवर पाणी पडलं, बदल्यात ना जमीन मिळाली ना भांडवल. पुढच्याच वर्षी देशभर कुटुंबनोंदवह्या तयार झाल्या. त्यांत काही ठिकाणी या लोकांपुढे ‘नवे सामान्यजन’ किंवा थेट जुनं हीन नाव लिहिलं गेलं. बुराकुमिन आणि इतर जपानी यांच्यात वर्ण, भाषा, चेहरा, धर्म यांचा काहीच फरक नाही. ओळख पटवायला दोनच गोष्टी उरल्या, पत्ता आणि नोंदवही. पुढच्या दीडशे वर्षांचा भेदभाव याच दोन गोष्टींवर चालला.

३ मार्च १९२२ रोजी क्योटोत सुइहेइशा या संघटनेची स्थापना झाली. इतरांनी दया दाखवण्यापेक्षा आम्हीच आमची सुटका करू, असा तिचा पवित्रा होता. ज्या नावानं हिणवलं गेलं, ते नाव न लपवता ताठ मानेनं उभं राहण्याची भाषा तिच्या जाहीरनाम्यात होती. पुढच्या वर्षी कोरियात खाटकांच्या बहिष्कृत समाजानं ह्यंगप्यंगसा स्थापन केली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. सुमारे पाच वर्षांत आशियाच्या तीन टोकांना बहिष्कृत माणसं आपल्याच पायांवर उभी राहिली.

मोजणीचं राजकारण आपल्याकडेही जुनं

आपल्याकडे अस्पृश्यांची संख्या हा सुरुवातीपासून भांडणाचा विषय राहिला आहे. १९११ च्या जनगणनेत काही निकष लावून त्यांची वेगळी नोंद घेण्याचा प्रयत्न झाला. कोणाला मंदिरात प्रवेश नाही, कोणाच्या स्पर्शानं विटाळ होतो, कोणाला ब्राह्मण पुरोहित मिळत नाही, असे ते निकष होते. तोवर देशात पाच-सहा कोटी अस्पृश्य आहेत असं सगळेच मान्य करत. १९३२ साली मतदानाच्या हक्काचा विचार करणारी लोथियन समिती कामाला लागली आणि संख्येवर जागा मिळणार हे स्पष्ट झालं. मग काही प्रांतांतले पुढारी सांगू लागले, की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण लिहून या आकडेकपातीला विरोध केला. हिशेब साधा होता. मोजणीत माणूस नसेल, तर सभागृहातही तो नसणार.

त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे करार झाला आणि प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा ठरल्या. त्यांतल्या २० मध्य प्रांताच्या वाट्याला आल्या. दुर्ग जिल्हा तेव्हा या मध्य प्रांतातच होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर.

अठरा दिवस आणि एक सीमा

दुर्ग-भिलाईच्या मराठी बौद्धांची गोष्ट समजून घ्यायची, तर १९५६ सालचं कॅलेंडर समोर ठेवावं. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात पुन्हा दीक्षा सोहळा झाला. त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड त्याच राज्यात होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा, चांदा मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळला गेली. एकाच राज्यात दीक्षा घेतलेला समाज अठराव्या दिवशी दोन राज्यांत विभागला गेला.

या पट्ट्यात मराठी माणसांची ये-जा आधीपासून होती. नागपूरहून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूरकडे जाणारा रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. विदर्भातल्या महार कुटुंबांचा कापड विणण्याचा धंदा जुना. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे राजनांदगावातही कापडगिरणी उभी राहिली, आणि विणकराचा हात गिरणीत कामाला लागला. मग १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर इथून माणसं कामाला आली आणि दुर्ग-भिलाईत स्थायिक झाली. डोंगरगडच्या प्रज्ञागिरीवरची बुद्धमूर्ती आज या संपूर्ण परिसरातल्या बौद्धांना एकत्र आणते.

दीक्षेचा परिणाम आकड्यांत लगेच दिसला. आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ साली बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ साली ते सुमारे २८ लाख झाले. दहा वर्षांत एवढ्या माणसांनी स्वतःच्या हातानं आपल्या नावापुढचा रकाना बदलल्याची उदाहरणं जगाच्या इतिहासात फार थोडी सापडतील. २०११ मध्ये देशात बौद्ध सुमारे ८४ लाख होते आणि त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात.

आपली मोजणी कुठे तुटते

भारतात अनुसूचित जातींची मोजणी दर जनगणनेत होते. त्या जोरावर राखीव जागा, शिष्यवृत्त्या, निधी मिळतो. पण मोहन नगरच्या मराठी बौद्धाच्या बाबतीत ही मोजणी तीन ठिकाणी तुटते.

पहिली तूट धर्माची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध आले १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं, केंद्राच्या सवलतींपुरतं, बौद्ध लिहिणं म्हणजे हक्क सोडणं होतं. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रानं आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लगेच दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी मात्र अनेकांनी कागदावर जुना धर्म ठेवला, आणि भिलाईचा कारखाना केंद्राचाच होता. पोट आणि श्रद्धा यांच्यात माणसाला असं उभं करणं हा मोठा अन्याय होता. त्या काळात कागदावर हिंदू राहिलेल्या वडीलधाऱ्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांनी लेकरांची फी भरली.

दुसरी तूट राज्याच्या सीमेची. अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं, की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला, तर त्या राज्याच्या सवलती त्याला आपोआप मिळत नाहीत. २०१८ मध्ये घटनापीठानं बीर सिंग खटल्यात हेच तत्त्व पुन्हा मांडलं. छत्तीसगडमध्ये जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब याच भागात राहत असल्याचा पुरावा विचारला जातो. मग सुरू होते ‘मिसल’ची शोधाशोध. मिसल म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या जमीन बंदोबस्ताची नोंद. भूमिहीन माणसाचं नाव जमिनीच्या नोंदीत कसं सापडायचं? आणि भंडाऱ्याहून १९५८ साली कारखान्यात आलेल्या आजोबांच्या नातवाकडे तर ही नोंद असणंच शक्य नाही. त्याला वडिलांच्या मूळ राज्याच्या आधारावर मिळालेल्या दाखल्यावर केंद्राची नोकरी मिळू शकते, पण ज्या राज्यात तो जन्मला, शिकला, मतदान करतो, तिथं त्याची जात कागदावर लागू होत नाही. शेजारी त्याला कोणत्या नजरेनं पाहतो, याला मात्र कोणतीही सीमा आड येत नाही.

तिसरी तूट अक्षरांची. छत्तीसगडच्या यादीत ‘महार, मेहरा, मेहर’ होते. बस्तर भागातले ‘महरा’ आणि ‘महारा’ म्हणून नोंदले गेलेले लोक काना-मात्रेच्या फरकामुळे यादीबाहेर राहिले. २०२३ साली संसदेनं दुरुस्ती करून ही नावं यादीत घातली. एका कान्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचं शिक्षण आणि नोकऱ्या अडून राहिल्या होत्या.

लपवल्यानं जात नाही

हे सगळं पाहून कोणी म्हणेल, की जपानसारखं मोजणंच बंद करावं. म्हणून जपानमध्ये न मोजण्यानं काय झालं ते पाहायला हवं.

१९६९ साली जपाननं विशेष कायदा केला आणि ठरलेल्या वस्त्यांमध्ये घरं, रस्ते, गटारं, शाळा, शिष्यवृत्त्या यांवर खर्च सुरू केला. २००२ पर्यंत सुमारे १५ लाख कोटी येन खर्च झाले. काम खरोखर झालं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुराकु मुलांचं हायस्कूलला जाण्याचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी होतं. १९९० च्या दशकात फरक चार-पाच टक्क्यांवर आला. २००२ मध्ये कायद्याची मुदत संपली. त्याखाली नोंदलेल्या वस्त्यांची सरकारी ओळख संपली आणि तिच्याबरोबर मोजणीही.

पण खाजगी मोजणी थांबली नव्हती. १९७५ साली उघड झालं, की देशभरातल्या बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची छापील पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि २०० हून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. अर्जदाराचा पत्ता यादीशी ताडून पाहिला जाई. लग्न ठरवताना गुप्तहेर संस्थांकडून मुलाच्या किंवा मुलीच्या घराण्याची चौकशी केली जाई. १९७६ मध्ये कुटुंबनोंदवह्या कोणालाही पाहता येणार नाहीत असा कायदा झाला. १९८५ मध्ये ओसाकानं अशा चौकशीवर बंधन आणलं. पुढे इंटरनेट आलं. १९३० च्या दशकातली वस्त्यांची यादी पुन्हा छापण्याचा आणि इंटरनेटवर टाकण्याचा उद्योग एका प्रकाशकानं केला. त्याविरुद्ध बुराकुमिन न्यायालयात गेले. २०२१ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भेदभाव न सोसण्याचा अधिकार माणसाला आहे, हे उच्च न्यायालयानं मान्य केलं. दरम्यान २०१६ च्या डिसेंबरात संसदेनं बुराकु भेदभाव दूर करण्याचा कायदा केला. भेदभाव आजही आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, शिक्षेची तरतूद मात्र एकही नाही.

सरकारी वही मिटली आणि द्वेष करणाऱ्यांची उघडी राहिली. आपली संख्या किती, शिक्षण किती, उत्पन्न किती, हे बुराकु समाजाला सरकारपुढे सिद्ध करता येत नाही. तो कुठे राहतो हे मात्र त्याच्या शत्रूला मोबाइलवर सापडतं.

आजची पत

तरीही जपानकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला लाज वाटावी अशी आहे. १९९३ च्या पाहणीत पती ऐंशीच्या पुढचा असलेल्या सुमारे ८० टक्के जोडप्यांत दोघंही बुराकु होते. पती पंचविशीच्या आतला असेल तिथं हे प्रमाण एक चतुर्थांशावर आलं होतं. तीन तरुण जोडप्यांमागे दोनहून अधिक जोडप्यांनी भिंत ओलांडली होती. याच मिसळण्यामुळे तिथं ‘बुराकुमिन कोण’ हे ठरवणंही अवघड झालं आहे. नोंदलेल्या वस्त्यांच्या एकूण लोकसंख्येत बुराकुमिन निम्म्यापेक्षा कमी उरले. भेदभाव मेला असं नव्हे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत सुमारे १६ टक्के लोकांनी सांगितलं, की जोडीदार बुराकु आहे का याचा आम्हाला फरक पडेल. भारतात मात्र मोठ्या पाहण्यांमधून दिसणारं आंतरजातीय लग्नांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतं. आपण मोजलं, कायदे केले, राखीव जागा दिल्या. लग्नाच्या बोहल्यावर मात्र आपण जपानच्या फार मागे आहोत.

शिक्षणात बौद्धांची झेप मोठी आहे. २०११ मध्ये त्यांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर होती आणि देशाची ७३ टक्के. दीक्षेनंतर दोन-तीन पिढ्यांनी पुस्तकाला घट्ट धरल्याचं हे फळ आहे. पण पदवी हाती आल्यावरही दार उघडतंच असं नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगवेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाली. जपानमध्ये पत्ता जे काम करतो, ते आपल्याकडे आडनाव करतं.

दोन्ही सरकारांची आणखी एक गोष्ट सारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००२ साली स्पष्ट केलं, की जन्मावरून होणारा भेदभाव, म्हणजे जात आणि तिच्यासारख्या प्रथाही, वंशभेदविरोधी करारात मोडतात. भारत म्हणतो जात म्हणजे वंश नव्हे, जपान म्हणतो बुराकुमिन या व्याख्येत येत नाहीत. जगापुढे हा प्रश्न मांडण्यासाठी बुराकुमिन आणि दलित कार्यकर्ते एकत्र काम करत आले आहेत. १९८८ साली टोकियोत स्थापन झालेल्या आयएमएडीआर या संस्थेच्या पाठीशी बुराकु चळवळच होती.

२०२७ साठी

२०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींची नोंद होणार आहे. त्यामुळे मोहन नगरापासून मुंबईपर्यंत बौद्ध घरांत एकच प्रश्न चर्चेला आहे: जात सोडण्यासाठी धम्म घेतला, मग पुन्हा जात का लिहायची?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तरही प्रामाणिक हवं. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिण्यानं १९९० पासून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. म्हणून भीतीपोटी ‘हिंदू’ लिहिण्याचं कारण उरलेलं नाही. जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतलं नाव लिहिणं म्हणजे त्या नावावर श्रद्धा ठेवणं नव्हे. ज्या नावानं छळ झाला, त्या नावानं नुकसानभरपाई मागणं हा तो व्यवहार आहे. बाबासाहेबांनी १९३२ साली संख्येसाठी भांडण केलं आणि १९५६ साली धर्म बदलला. त्यांना या दोन गोष्टींत विरोध वाटला नाही, तर आपल्यालाही वाटायचं कारण नाही.

पण नुसतं लिहून भागणार नाही. छत्तीसगडमध्ये जन्मलेल्या नातवाला आजोबांच्या राज्यातला म्हणून परका मानणारा नियम बदलायला हवा. रोजगारासाठी हललेल्या कुटुंबाची जात जर त्याच्याबरोबर हलते, तर तिच्यावरचा इलाजही त्याच्याबरोबर हलायला हवा. ही मागणी भिलाईच्या बौद्धांनी रायपूर आणि दिल्लीत मांडायला हवी, आणि महाराष्ट्रातल्या बौद्धांनी ती आपली समजून उचलायला हवी. १९५६ ची सीमा कोणत्याही दीक्षार्थीनं आखली नव्हती. शिवाय गोळा झालेली माहिती कोणाच्या हाती जाते यावर पहारा हवा. घराघराचा पत्ता आणि जात एकत्र असलेली यादी बाजारात विकली गेली, तर काय होतं याचा धडा जपाननं १९७५ साली दिलेला आहे.

मोजणी ही सत्तेची गोष्ट आहे, आणि सत्ता नेहमी कोणाच्या तरी हातात असते. बुराकु समाजानं सरकारी मोजणी गमावली आणि द्वेष्ट्यांची मोजणी त्याच्यावर लादली गेली. आपल्याकडे मोजणी अजून उघड्यावर, कायद्याच्या आधारानं होते आहे. ती पूर्ण, खरी आणि आपल्या हिताची व्हावी म्हणून धर्म आणि जात हे दोन्ही रकाने निर्भयपणे भरणं, हे दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञांना धरूनच आहे.